आधी खिळा, मग खोली

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'तरुण आणि घर' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी या विषयातला तज्ज्ञ नाही. मला घरच नाही. मुंबईच्या एका उपनगरात आम्ही मायलेक भाड्याच्या खोलीत राहत होतो. घरमालक भला माणूस. सात महिने भाडं वेळेवर घेतलं. चौदा एप्रिलला आईनं दारात निळा झेंडा लावला, आणि पंधरा एप्रिलला मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलं. खोली पाहिजे म्हणाला. ते लग्न अजून झालेलं नाही. खोलीत मात्र दुसरा भाडेकरू आलाय.

आईला मावशीकडं ठेवलं. आम्ही तिघं, मोटारसायकली दोन. ठरवलं, चळवळीतले जुने दोस्त भेटायचे आणि जिथं जमेल तिथं खोली बघायची. मुंबई ते नागपूर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, २०२५ साली पुरा झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी. आपण समृद्धीकडं निघालो की आपल्या नशिबी जुनाच रस्ता!

पहिला मुक्काम नाशिक. हा दोस्त म्हणजे कॉलेजात घोषणा द्यायला आमच्यातला सगळ्यात मोठ्या घशाचा. आता बऱ्या कंपनीत आहे. दारावरच्या पाटीवर फक्त नाव, आडनाव गायब. बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं. रात्री कपाट उघडलं, हात जोडले, कपाट बंद. मी जिन्यात मोठ्यानं 'जय भीम' म्हटलं तर त्यानं कोपरानं ढोसलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्याची पोरगी दिसली. शेजारच्या पोरींबरोबर सापशिडी खेळत होती. मी गप बसलो. त्याला भेकड म्हणणं सोपं आहे. त्याला भेकड कुणी केलं, ते विचारणं अवघड आहे.

कारण ही गोष्ट आजची नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा कुणी देईना. पारशी लोकांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात. मग मित्रांकडं आसरा मागितला. एक हिंदू. म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती. म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. एवढ्या शिकलेल्या माणसानं बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. मित्रांच्या दारी जाऊन घर शोधायचा प्रवास माझ्यापासून सुरू झालेला नाही, दोस्तांनो. तो शंभर वर्षांवरचा आहे.

दुसऱ्या दिवशी येवल्याला थांबलो. मुक्तिभूमी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी इथं बाबासाहेबांनी सांगितलं, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. गाडी लावून आम्ही सावलीला बसलो. मी हिशेब केला. जुनं घर सोडलं १९३५ ला, नव्या घरात पाऊल टाकलं १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधी २१ वर्षं. किती धर्मांनी दारं उघडून धरली होती! पण मिळेल त्या दारात माणूस शिरला नाही. आधी पारखलं, मग शिरला. आपल्याला मात्र एका रविवारात खोली पाहिजे, आणि तिच्यासाठी आडनाव गिळायची तयारी.

पुढं दौलताबाद. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन वेरूळ बघायला निघाले होते, तेव्हा वाटेत या किल्ल्यावर आले. धुळीनं माखलेली माणसं. दाराजवळच्या टाकीच्या पाण्यानं हातपाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून गलका झाला. शेवटी किल्ला बघायला सोडलं, पण पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. इथं अडवणारे मुसलमान होते, बडोद्यात पारशी. जात हिंदूंनी केली, पण तिची सवय सगळ्या देशानं लावून घेतली. बाबासाहेबांनी हे सगळं लिहून ठेवलं आणि त्याला नाव दिलं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. आपल्याच देशात व्हिसाची वाट! आज त्या व्हिसाला भाडेकरार म्हणतात.

संध्याकाळी औरंगाबाद. २०२३ पासून सरकारदरबारी छत्रपती संभाजीनगर. इथला दोस्त आपल्याच वस्तीत राहतो. विहार आहे, पोरांची अभ्यासिका आहे. एका म्हातारीनं चहा दिला आणि आडनाव विचारलं. मी दचकलो. पण ती नातं काढायला विचारत होती! महिन्यांनी मी आडनाव सांगताना खाली बघितलं नाही. खोली रिकामी होती, भाडं परवडणारं. तिथंच पथारी टाकावी वाटलं. तेव्हा दोस्त म्हणाला, "राहा ना. पण कर्ज मागायला गेलास का पत्ता वाचूनच साहेबाचं तोंड बदलतं." २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. पाटी बदलता येते. गावाच्या डोक्यातला नकाशा कोण बदलणार? वस्ती आपली आई आहे. पण आईच्या घरी राहणं वेगळं आणि दुसरीकडं कुणी राहूच देत नाही म्हणून राहणं वेगळं.

जालना, सिंदखेडराजा, मेहकर करत नागपूर गाठलं. इथली मैत्रीण बिनधास्त. एकटी राहते, मिश्र वस्तीत. समोरच्या भिंतीवर बाबासाहेब. मी विचारलं, "हे जमलं कसं?" म्हणाली, "दादा, घर बघायला गेले का मी पहिला प्रश्न विचारायची. भिंतीला खिळा ठोकू देणार का? आणि फोटो कुणाचा लावणार तेपण सांगायची." चौदा घरांनी नाही म्हटलं. पंधराव्या घरातल्या बाईनं हातोडी आणून दिली.

लगेच टाळ्या वाजवू नका. सवर्णांचं हृदयपरिवर्तन झालं असली भंपक गोष्ट मी सांगत नाहीये. होकार एक, नकार चौदा. त्या चौदांचा हिशेब कोण ठेवणार? तिनं ठेवलाय. शंभर पानी वही. तारीख, गल्ली, सांगितलेलं कारण. पाहुणे येणार. शाकाहारीच पाहिजे. खोली विकायची आहे. जात म्हणून नाही, असं सगळे सांगतात. म्हणूनच कायद्याच्या हाताला काही लागत नाही.

संविधानाच्या १९ व्या कलमात दोन हक्क शेजारी शेजारी आहेत. देशात कुठंही फिरायचा आणि देशात कुठंही राहायचा. आम्ही पहिला वापरून आलो. पेट्रोलचे पैसे असले की तो मिळतो. दुसरा घरमालकाच्या किल्लीला लटकलाय. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणं वैध ठरवलं. अल्पसंख्य समाज असं करतो तेव्हा ते भीतीपोटी असेल. पण तीच वाट उद्या बलदंड जातींनी धरली, तर आपण उभं राहायचं कुठं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शहरात अशी वही पाहिजे. एकाच खोलीसाठी आधी आपल्या आडनावाचा जाईल, अर्ध्या तासानं दुसऱ्या आडनावाचा दोस्त जाईल. दोन्ही उत्तरं लिहायची. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात नावं बदलून अशीच पाहणी केली, ती २०१५ साली छापून आली. दलित आणि मुसलमान नावांना नकार जास्त. विद्वानांनी जे केलं ते आपण गल्लीगल्लीत करू. वह्या भरल्या की त्या घेऊन विधानसभेवर जाऊ. घर नाकारण्याविरुद्ध पक्का कायदा मागू.

मी परत आलोय. आई अजून मावशीकडं आहे. माझ्या वहीत सहा नकार आहेत. खोली मिळेल तेव्हा मिळेल. पण आता मी दारात उभा राहिलो की आधी खिळ्याचं बोलतो. तो माझ्या खिशातच असतो.

जय भीम!