फोटो काढणं सोपं, सापडला पाहिजे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला सांगितलं, "तू इतकी वर्षं फोटो आणि डिझाइनचं काम करतोस, त्याबद्दल दहा मिनिटं बोल. पण कामाचं बोल." ज्यांनी आपल्याला शुद्धलेखन शिकवलं तेच सर पहिल्या रांगेत बसलेत, त्यामुळे जरा धाकधूक आहे. सर, काही चुकलं तर इथेच कान धरा, जुनी सवय आहे.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "कॅमेरा कोणता घेऊ?" मी उलट विचारतो, "मागच्या दिवाळीचा आईबाबांचा फोटो आत्ता दाखव बरं." मग मोबाइलवर बोट सरकवणं सुरू होतं. गुड मॉर्निंगची फुलं, बँकेच्या पावत्या, कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण, सगळं निघतं. आईबाबा काही निघत नाहीत. माझं आजचं बोलणं एवढ्यापुरतंच आहे.

मी या धंद्यात आलो तेव्हा रोल होता. एका रोलमध्ये ३६ फोटो. लग्नाला चार-पाच रोल लागले तर यजमान खर्चाने घाबरायचे. निगेटिव्हच्या पट्ट्या पाकिटात जायच्या, पाकिटावर नाव आणि तारीख, आणि पाकीट कपाटात. आता एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन-तीन हजार फोटो सहज होतात. तेव्हा फोटो थोडे होते, पण पाकीट हाताला लागायचं. आज ढीग आहे, आणि त्या ढिगावर नाव नाही.

म्हणून मी रोलच्या काळातली शिस्त संगणकावर आणली. ती कोणालाही जमेल अशी आहे.

पहिली गोष्ट, कामावरून आलो की जेवायच्या आधी कार्डातले फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवतो. दोन्हीकडचे फोटो उघडून पाहतो. त्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. कार्ड मोकळं करायचं ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून.

दुसरी गोष्ट, फोल्डरचं नाव. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग काम आणि गाव. उदाहरणार्थ, २०२४-११-२४ लग्न आमगाव. वर्ष पुढे लिहिलं की संगणक सगळी फोल्डरं आपोआप क्रमाने लावतो. 'नवीन फोल्डर', 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' ही नावं माझ्या दुकानात बंद आहेत.

तिसरी गोष्ट, निवड. पहिल्या फेरीत फक्त टाकाऊ फोटो बाजूला करतो. डोळे मिटलेले, हललेले, पुढे कुणाची पाठ आलेले. दुसऱ्या फेरीत चांगले निवडतो. दोन्ही कामं एकदम केली की डोळा थकतो आणि शेवटी शेवटी काहीही चांगलं वाटू लागतं.

चौथी गोष्ट बहुतेक लोक करत नाहीत, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. नावं लिहिणं. अल्बमचे फोटो निवडायला घरची मंडळी येतात तेव्हा मी चहा मागवतो आणि एकेक म्हाताऱ्या माणसावर बोट ठेवून विचारतो, "हे कोण?" ते सांगतात, मी त्या फोटोच्या माहितीत टाइप करतो. लाइटरूममध्ये ही सोय आहे. डिजिकॅम नावाचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं, त्यातही आहे. अर्धा तास जातो. यजमानांना वाटतं, फोटोवाला चौकस आहे.

याचा उपयोग काय ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या मागच्या बॅचच्या एका मित्राचा रात्री फोन आला. त्याचे वडील गेले होते. तेरवीसाठी फोटो हवा होता, आणि घरात आधार कार्डावरच्या फोटोशिवाय काही नव्हतं. तो म्हणाला, "भाऊ, बाबा फोटोला उभेच राहायचे नाहीत." मी वडिलांचं नाव टाइप करून शोधलं. सहा वर्षांपूर्वीच्या, त्यांच्या नात्यातल्या एका लग्नातले तीन फोटो निघाले. एकात ते पंगतीत बसलेत आणि वाढणाऱ्याला हाताने 'पुरे' म्हणत हसताहेत. तोच फोटो आज त्यांच्या घरी भिंतीवर आहे. त्या लग्नाच्या अल्बममध्ये तो निवडलाही गेला नव्हता. नाव लिहिलेलं नसतं, तर दोन हजार फोटोंमध्ये एका बाजूला बसलेला तो माणूस मला कधीच दिसला नसता.

मित्रांनो, गावातल्या फोटोवाल्याकडे अर्ध्या गावाचे चेहरे ठेवीसारखे असतात. ठेव सांभाळायची तर डिस्क बंद पडणार हे धरूनच चालावं लागतं. त्यासाठी जगभरचे फोटोग्राफर ३-२-१ असा नियम पाळतात. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. माझी तिसरी प्रत गोंदियात नसते, ती नागपूरला बहिणीकडे असते. काम झालं की डिस्क संगणकापासून काढून ठेवतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी कडाडते ते तुम्हाला सांगायला नको.

आता व्हॉट्सॲपबद्दल. तिथे साधा फोटो पाठवला की तो खूप लहान होतो, आणि तो कधी काढला, कशाने काढला ही आतली माहितीही निघून जाते. मोबाइलवर बघायला ठीक, पण मोठा छापायला तो पुरत नाही. अल्बमचं १२ बाय १८ इंचांचं पान नीट छापायला इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. म्हणून फोटो पाठवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

डिझाइनच्या कामात मी सगळ्यात आधी मजकूर मागतो, तोही लेखी. फोनवर सांगितलेल्या नावावर लग्नपत्रिका करत नाही. आपला जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून आहे, त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ काम हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये होतं. एखादा फलक नीट बघा. 'ल' आणि 'श' ही अक्षरं आपण सरांकडे जशी गिरवली तशी दिसत नाहीत, हिंदी वळणाची दिसतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. त्या दुसऱ्या शब्दातला अर्धा र काही फॉन्टमध्ये नीट येतच नाही. मग ऑपरेटर जे येतं ते ठेवून देतो.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या पद्धतीने टाइप केलेली फाइल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. त्यात नाव शोधताही येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मात्र कुठल्याही मोबाइलवर वाचता येतं आणि शोधता येतं. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. विंडोजमध्ये आपल्याला आयता मिळणारा 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने तयार केला. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या या माणसाने संगणकावर आपली अक्षरं नीट दिसावीत म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. आज 'मुक्ता', 'बालू' असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात. आता निमित्त उरलेलं नाही. आपली ही स्मरणिकाही युनिकोडमध्येच करा असा माझा हट्ट आहे. तीस वर्षांनी कुणी आपल्या सरांचं नाव टाइप केलं तर हे पान निघालं पाहिजे.

छापायच्या आधी मी साध्या कागदावर एक प्रत काढतो आणि ज्याने काम केलेलं नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावतो. आपण स्वतः टाइप केलेली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. विशेषतः श्रद्धांजलीच्या फलकाला ही पायरी कधीच गाळत नाही. गेलेल्या माणसाचं नाव चौकात चुकीचं लागलं तर घरच्यांना काय वाटेल याचा विचार करा.

एक गोष्ट जंगलाची. नवेगाव-नागझिरा २०१३ साली व्याघ्रप्रकल्प झाला. तेव्हापासून आपली मुलं कॅमेरे घेऊन जाताहेत, याचा आनंद आहे. पण सारसाबद्दल सांगतो. महाराष्ट्रात सारस जवळजवळ आपल्याच भागात उरलाय, आणि संख्या पन्नासच्या आत आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांध्यांमध्ये आणि तलावांच्या काठी घरटं करतो, अंडी बहुतेक दोनच. मोबाइलच्या फोटोत ती जागा अक्षांश-रेखांशासह नोंदलेली असू शकते. म्हणून पक्ष्याचा फोटो कुणालाही देण्याआधी मी त्यातलं ठिकाण काढून टाकतो, आणि घरट्याचा फोटो तर देतच नाही. माणसांच्या फोटोत जास्तीत जास्त माहिती लिहायची, घरट्याच्या फोटोतली पुसायची.

आता आपल्या सगळ्यांसाठी एक काम. प्रत्येकाच्या घरी शाळेचे दोन-चार जुने फोटो आहेत. ते ओल्या फडक्याने पुसू नका. स्कॅनरवर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइलने सरळ वरून फोटो घ्या. मागची बाजूही घ्या, कारण तिथे कुणाच्या तरी वडिलांच्या अक्षरात तारीख असते. फोटोतल्या फलकावर 'जि. भंडारा' दिसलं, तर तो बहुधा १ मे १९९९ च्या आधीचा, म्हणजे आपला जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचा, असं समजा.

आणि नावं आजच लिहा. चार वर्गफोटो मोठे करून मी बाहेरच्या टेबलावर ठेवलेत. प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाकलाय, शेजारी कोरी वही आहे. मागच्या रांगेतली सात मुलं आणि कडेला उभे असलेले एक शिपाईकाका मला ओळखता आले नाहीत. शाळेची घंटा ते वाजवायचे, एवढंच आठवतं. त्यांचं नाव सांगू शकतील अशी माणसं या हॉलमध्ये पाच-सहाच असतील, आणि ती सगळी पहिल्या रांगेत आहेत. सर, मॅडम, जेवणाआधी पाच मिनिटं त्या टेबलाशी या. पेन तिथे ठेवलंय, खुर्चीही ठेवलीय.