एका पंगतीत बसू, तर एका ग्रामसभेत बसू

(पाड्यावरच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलले तसे लिहून काढले आहे.)



आज मी जेवणावर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, जमिनीचे दावे पडलेत आणि ही पोरगी जेवणाचं काय घेऊन बसली? ऐका, दोन्ही गोष्टी एकच हायेत.

आपल्या काही पाड्यांवर आता दोन पंगती झाल्यात. काही घरं येशूला मानतात, काही घरं कणसरीला, वाघदेवाला मानतात. नवं खायच्या दिवशी एक घर म्हणतं, देवापुढचं आम्ही खाणार नाही, आम्ही येणारच नाही. दुसरं घर म्हणतं, मग आमच्या विहिरीवर येऊ नका, आवणीला बोलावू नका.

मी चर्चला जाते. माझी आजी कणसरी पुजते. मी काही पाळक नाही, बारावी शिकले. पण बायबल मराठीत आहे, कोणालाही वाचता येतं. त्यात काय आहे ते सांगते.

पेत्र हा येशूचा मोठा शिष्य. अंत्युखियात तो यहुदी नसलेल्या लोकांबरोबर बसून जेवायचा. मग याकोबाकडची काही माणसं आली. त्यांच्या धाकाने पेत्र बाजूला बसायला लागला. तेव्हा पौलाने सगळ्यांदेखत त्याला तोंडावर खडसावलं. म्हणजे पंगत मोडली म्हणून एवढ्या मोठ्या शिष्यालाही बोल खावे लागले.

मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल हाच पौल करिंथच्या लोकांना लिहितो. मूर्तीच्या पूजेत भाग घेऊ नका, असं तो बजावतो. पण दुसऱ्या धर्माच्या माणसाने जेवायला बोलावलं तर जा, असंही सांगतो. हे वाहिलेलं आहे असं कोणी म्हटलं, तर तेवढं खाऊ नका. मग आपण काय करायचं? वाहिलेला कोंबडा नको तर नका खाऊ. भाकरी-डाळ खा, पण शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसा. आणि दुसऱ्या बाजूलाही सांगते, कोंबडा खाल्ला नाही म्हणून कोणाला विहिरीवरून हाकलू नका. कणसरी काय धर्म विचारून पिकते?

करिंथमध्ये आणखी एक झालं. प्रभुभोजनाला खातेपिते लोक आधीच खाऊन-पिऊन घ्यायचे, गरीब उपाशी राहायचे. पौल म्हणाला, हे प्रभूचं जेवणच नव्हे, एकमेकांसाठी थांबा. आता आपल्या घरात बघा. दिवसभर आवणी करून आलेली बाई रांधते, वाढते आणि शेवटी खरवड खाते. तिच्यासाठी कोण थांबतो? हे दोन्हीकडच्या गड्यांना विचारते.

आता हक्काचं. मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलंय, शेत कापताना कडेचं पीक ठेवा, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाची आणि परक्याची. रूथ नावाची मवाबी विधवा बाई बवाजाच्या शेतात असाच सरवा वेचून सासूला पोसत होती. ती भीक नव्हती, कायद्याने तिचा वाटा होता. आपला 2006 चा वनहक्क कायदाही मोह, मध, कंद, तेंदूपाला यांवर आपला हक्क सांगतो. म्हणून कोणी मोहाची पाटी हिसकावली तर हात जोडू नका, कायद्याचं नाव घ्या.

शेवटची गोष्ट नाबोथाची. इज्रेलात त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तिथं भाजीचा मळा करायचा होता. बदली जमीन देतो, पैसे देतो म्हणाला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन देणार नाही. मग ईजबेल राणीने गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रं पाठवली. त्यांनी दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी मारलं आणि जमीन राजाने घेतली. नीट ऐका, राजाने फौज पाठवली नाही. गावच्याच लोकांनी काम केलं.

आपली जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसतो, हे दाखवायचं आहे. त्यात म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा एक पुरावा आहे. दावा ग्रामसभेपुढं जातो आणि कोरम भरला नाही तर ग्रामसभाच होत नाही. ज्याला आपण विहिरीवरून हाकललं तो आपल्यासाठी अंगठा देईल का? ज्याच्या अंगणात आपण पाय ठेवला नाही तो आपल्या बांधावर पंच म्हणून येईल का?

कोणी सांगत फिरतं की ख्रिस्ती झाला की आदिवासी राहत नाही, त्याचा दावा जाणार. साफ खोटं. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

म्हणून तीन गोष्टी ठरवू. विहीर आणि आवणी कोणालाही बंद नाही. नवं खायला सगळी घरं येतील, ज्याला जे चालतं ते तो खाईल, आणि बाया गड्यांबरोबरच बसतील. पुढच्या ग्रामसभेला प्रत्येक चर्चवाला एका कणसरीवाल्याला आणि प्रत्येक कणसरीवाला एका चर्चवाल्याला घरून बोलावून आणेल.

कबूल असेल तर हात वर करा.

जोहार. जिंदाबाद!