एका कपाटाचें बिल

अमेरिका स्वतंत्र झाल्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत तेथें जें लांकडी सामान तयार झालें, त्याचें वळण ग्रीक-रोमन होतें. पाँपेईचें उत्खनन १७४८ सालीं सुरू झालें. त्यानंतर युरोपांत ही अभिरुचि फैलावली आणि हेपलव्हाइट व शेरटन या इंग्रजांच्या नमुनापुस्तकांतून ती बॉस्टन, सेलम, बाल्टिमोर येथील सुतारांच्या हातीं आली. पाय सडपातळ, रेषा सरळ, कोरीव काम बेताचें. मग शोभा आणावयाची कशानें? बहुधा लांकडांत लांकूड बसवून.

मेजाच्या पायावर घंटेसारख्या फुलांची माळ वरून खालीं उतरते आणि उतरतांना फुलें लहान होत जातात. पाकळीच्या कडेस तपकिरी छाया असते. पाहणारास ती कुंचल्याची करामत वाटते. परंतु तेथें रंगाचा थेंबहि नसतो. लोखंडी भांड्यांत बारीक वाळू तापवावयाची, पांढऱ्या लांकडाचा पापुद्रा चिमट्यानें धरून त्याची एक कड वाळूंत खुपसावयाची आणि कांहीं क्षणांत काढावयाची. वाळू तळाशीं अधिक तापलेली, वर कमी. म्हणून करपहि क्रमाक्रमानें फिकट होत जाते. उशीर झाला कीं तुकडा वायां. तव्यावरचा हा हिशेब आमच्या गृहिणींना समजावून सांगावयास नको!

बाल्टिमोरच्या फुलाची मधली पाकळी लांबट असते, तीवरून जाणते लोक गांव ओळखतात. मात्र असे तयार तुकडे विकणारे कारागीर निराळे असत. तेव्हां केवळ फुलावरून मेजाचा कर्ता ठरविणें मला धाडसाचें वाटतें.

बॉस्टनच्या कलासंग्रहालयांत टॉमस सेमूर यानें १८०९ सालीं केलेलें एक अर्धगोल, खणांचें कपाट आहे. तें एलिझाबेथ डर्बी हिच्यासाठीं केलें. तिच्या पित्याचीं जहाजें सेलमहून हिंदुस्थानच्या बंदरांपर्यंत येत असत. कपाटाच्या माथ्यावर निरनिराळ्या लांकडांचे पट्टे पंख्याप्रमाणें पसरले असून मध्यें शिंपले रंगविले आहेत. सुदैवानें त्याचें बिल उपलब्ध आहे. कपाटाचे ८० डॉलर. आणि शिंपले रंगविण्याबद्दल पेनिमन यास दिलेले १० डॉलर, निराळे! मालकानें चित्रकाराचें नांव झांकलें नाहीं, हें मला फार आवडलें.

परंतु बिल दुकानाच्या उंबरठ्यापाशीं सुरू होतें. त्या काळीं अमेरिकेंत येणारी महॉगनी पुष्कळशी वेस्ट इंडीजचीं बेटें व होंडुरासचा उपसागर येथून येई आणि तीं झाडें तोडीत ते गुलाम. होंडुरासकडील टोळींत झाडें हुडकणारा एक गुलाम असे, आणि त्याची किंमत इतरांहून अधिक धरीत. ऑगस्टच्या आरंभीं महॉगनीचीं पानें पिवळसर-तांबूस होतात. तेव्हां हा मनुष्य रानांतील सर्वांत उंच झाडावर चढे, दूरवर तो रंग कोठें दिसतो तें हेरी, आणि खालीं उतरून, वाट नसलेल्या रानांतून, टोळीला नेमका त्या झाडापाशीं घेऊन जाई.