उघड्यावरचे सांकेतिक संदेश

लष्करी विमानांची रेडिओवरची बोलणी छंद म्हणून ऐकणं ही हेरगिरीच, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. अमेरिकी हवाई दलाचं जगभर पसरलेलं लघुलहरींचं जाळं पाहा. सिंगल साइडबँडची सोय असलेला संच ८,९९२ किंवा ११,१७५ किलोहर्ट्झवर लावला, की कधीकधी ‘अल्फा, सेव्हन, किलो’ अशी अक्षरं नि आकडे संथपणे वाचणारा आवाज येतो. संदेश दूरवर पोचावा म्हणून तो उघड्यावर धाडतात. अर्थ मात्र संकेत ठाऊक असणाऱ्यालाच लागतो. गुपित राखतो तो संकेत, ऐकणाऱ्यांचा अभाव नव्हे.

ऐकलेले तुकडे जोडून विमानांच्या हालचाली कळतील, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण तो प्रत्येक संदेशाला लागू होत नाही. मार्च २०११मध्ये अमेरिकी विमानाने रेडिओवरून लिबियाच्या जहाजांना बंदर न सोडण्याचा इशारा दिला. नेदरलँड्समधल्या एका छांदिष्टाने तो ध्वनिमुद्रित करून जगापुढे ठेवला. तो इशारा ऐकवण्यासाठीच होता. मोहिमेवरच्या विमानाचा ठावठिकाणा तत्काळ पसरवणं वेगळं, आणि ते टाळायलाच हवं. ब्रिटनमध्ये तर आपल्यासाठी नसलेले संदेश परवानगीविना ऐकणं हा २००६च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून संच विकत घेण्याआधी आपल्याकडचे परवान्याचे नियम नीट वाचा.