दहावीच्या पोरांची जागा

(शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या जिल्हा अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



  

कार्यवाहांनी मला बोलायचे मुद्दे एका कागदावर लिहून दिलेत. तासिका, रिक्त पदं, मैदानं आणि वर्षभराचा आढावा. तासिकांचं काय सांगू? परीक्षा जवळ आली की आपला तास गणिताला जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पदं भरलेली नाहीत. मैदानांचं ओघात येईल. आढाव्याची पुस्तिका तुमच्या पिशवीत आहे. राज्याकडे पाहिलं तर मिरवण्यासारखं पुष्कळ आहे. 2019 साली खेलो इंडिया बालेवाडीला झाली तेव्हा पदकांच्या तक्त्यात आपण पहिले होतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोघांचे कर्णधार आपलेच, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. टाळ्या वाजवा, हक्काच्या आहेत. वाजवून झाल्या की माझ्याकडे लक्ष द्या, कारण मला जे बोलायचंय ते या कागदावर नाही.

सकाळच्या परिसंवादात आपल्या दोन तरुण सहकाऱ्यांची चांगलीच जुंपली. शाळेच्या संघात एकच जागा उरलीय, दारात दोघे उभे आहेत, एक दहावीतला आणि एक आठवीतला. खेळात उन्नीस-बीस. घ्यायचं कोणाला? एक सर म्हणाले, आठवीतल्याला घ्या, दोन वर्षं हाताशी राहील, संघ बांधता येईल. मॅडम म्हणाल्या, जो आज चांगला खेळतो त्याला घ्या, इयत्ता कसली बघता? दोघांनाही टाळ्या मिळाल्या. मी तेव्हा गप्प बसलो, अध्यक्षांनी मध्ये बोलायचं नसतं म्हणून. आता माईक माझ्याकडे आहे. खेळ उन्नीस-बीस असेल तर जागा दहावीतल्याची. आणि अठरा-बीस असेल तरीही मी दहावीतल्याचाच विचार आधी करतो.

का, ते सांगतो.

आमच्या शाळेत एक मुलगी होती. खो-खोची. सहावीपासून मैदानावर यायची. फक्की मारायला ती, खांबाभोवतीची माती कुदळीने मोकळी करायला ती, तालुक्याला जाताना टेम्पोत पाण्याचे कॅन चढवायला ती. बारा जणींच्या यादीत नाव असायचं, नऊ जणींत नसायचं. राखीव. आठवीत राखीव, नववीतही राखीव. दहावीच्या वर्षी पहिल्या नऊत एकच जागा मोकळी होती आणि तिच्यासमोर उभी राहिली आठवीतली एक पोर. पोर कसली, वारा! साखळी पळायला लागली की पाठलागवालीला वळायला उसंत मिळायची नाही. संस्थाचालकांच्या कानावर तिचं नाव गेलं होतं. मला बोलावून सांगण्यात आलं, सर, भविष्याकडे बघा.

मी दहावीच्या मुलीला घेतलं. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात ती तिसऱ्या तुकडीत उतरली. मिनिटभर टिकली असेल. हुल द्यायला गेली, खांबाजवळ पाय सरकला आणि बाद झाली. आम्ही तो सामना हरलो. तिच्यामुळे नव्हे, समोरचा संघ सगळ्याच बाबतींत सरस होता. परतीच्या टेम्पोत ती सगळ्यात मोठ्याने गात होती.

पुढे ती खेळली नाही. जिथे अकरावीला गेली त्या कनिष्ठ महाविद्यालयाला मैदानच नव्हतं, दुचाकी लावायची जागा होती. बारावीनंतर लग्न झालं. खेळात तिचं काही झालं नाही, आणि माझं सगळं म्हणणं याच वाक्यात आहे. आपल्या शाळांच्या संघांत जी पोरं खेळतात त्यांतल्या बहुतेकांचं खेळात काहीच व्हायचं नसतं. दहावी हा त्यांचा शेवटचा हंगाम असतो. पाठीवर नंबर असलेला शाळेचा बनियन त्यानंतर त्यांना कोणी देत नाही. जिल्हा असोसिएशन देत नाही, क्लब देत नाही, कंपनी तर नाहीच. तो द्यायचा अधिकार सरकारने, संस्थेने आणि नशिबाने फक्त आपल्याकडे दिलाय, आणि आपण तो 'भविष्या'ला देऊन टाकतो.

आणि ती आठवीतली पोर? वर्षभर राखीव बसली. माझ्यावर चिडली, पंधरा दिवस बोलली नाही. तिला पुढे किती दारं उघडी होती बघा. असोसिएशनची किशोरी गटाची निवड चाचणी होती, क्रीडा प्रबोधिनीची चाचणी होती, पुढची दोन शालेय वर्षं होती. किशोरीला ईला पुरस्कार आहे, पुढच्या गटाला जानकी आहे, महिलांना राणी लक्ष्मीबाई आहे. खरे गुण असलेल्या मुलीसाठी खो-खोने जिना बांधून ठेवलाय. एक पायरी उशिरा चढली म्हणून तिचं काय गेलं? काही गेलं नाही. नववीत ती पहिल्या तुकडीत उतरायची आणि तिला बाद करायला समोरच्यांना घाम फुटायचा.

आता कोणीतरी उठून तेंडुलकरचं नाव घेणारच. घ्या. फेब्रुवारी 1988, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन 14 वर्षांचा, विनोद कांबळी 16 वर्षांचा. 664 धावांची नाबाद भागीदारी, सचिन 326, विनोद 349. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण पुढच्या क्रमांकावर पॅड बांधून कोण बसलं होतं? अमोल मुजुमदार, वय 13. त्याची पाळी आलीच नाही. शाळेने 2 बाद 748 वर डाव सोडला. त्या पोराचं काय बिघडलं? 1994 च्या रणजी पदार्पणात त्याने मुंबईसाठी 260 काढल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या. भारताकडून तो खेळला नाही हे खरं, पण ते शाळेत वाट पाहायला लागल्यामुळे नव्हे. आणि 2025 साली नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. 14 वर्षांच्या पोराने 326 काढल्या तर त्याला घ्याच, मी कोण अडवणारा? माझी तक्रार एवढीच, की दर जूनला प्रत्येक तालुक्यात चार तेंडुलकर सापडतात.

हे सापडतात कसे, तेही बघा. मुलाची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलीची त्याच्या दोनेक वर्षं आधी. पण हा सरासरीचा हिशेब झाला. 13 वर्षांची दोन पोरं शेजारी उभी करा, एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाज अजून बारीक असतो. शरीराच्या वयात त्यांच्यात चार-पाच वर्षांचं अंतर असू शकतं. आपण ज्याला 'गुणी' म्हणतो तो पुष्कळदा फक्त आधी वाढलेला असतो. दोन वर्षांनी बाकीचे त्याला गाठतात आणि आपण म्हणतो, पोरगं वाया गेलं. वाया कसलं जातंय? त्याची वाढ थांबली, इतरांची चालू राहिली.

जन्मतारखेचंही असंच आहे. कॅनडात रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1985 साली दाखवून दिलं, की तिथल्या मुलांच्या आइस हॉकी संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचा भरणा प्रमाणाबाहेर जास्त आहे. कारण साधं. वयोगटाची तारीख 1 जानेवारी, म्हणजे जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने थोराड. आपल्या शालेय स्पर्धांचीही तारीख 1 जानेवारीच आहे. तुमच्या 14 वर्षांखालच्या संघाचे जन्मदाखले घरी जाऊन एकदा महिन्यानुसार लावून बघा. आमच्या पिढीत ही भानगड नव्हती, कारण आम्ही सगळे 1 जूनला जन्मलो. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली.

लहान पोराला वर ओढण्याची किंमत ते पोरच देतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. एका शाळेने, नाव घेत नाही, सातवीतला एक चढाईपटू 17 वर्षांखालच्या कबड्डी संघात घातला. चपळ होता, दोन सामने गाजवले, पेपरात फोटो आला. तिसऱ्या सामन्यात समोर थोराड कोपरारक्षक. घोटा धरला, पोरगं आडवं पडलं, वरून दोघे पडले. गळपट्टीचं हाड मोडलं. मी त्या सामन्याला पंच होतो, शिट्टी मीच वाजवली. 16-17 वर्षांपर्यंत हाडं जिथून वाढतात तो टोकाचा भाग कच्चा असतो. मोठ्या माणसाला जिथे लचक भरते तिथे लहान पोराचं हाडच जातं. कोवळा ऊस गाळला तर उतारा मिळत नाही, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं, पण निवड समितीच्या खोलीत ते कोणाला आठवत नाही. कबड्डीच्या किशोर गटाला वजनाची मर्यादा उगाच ठेवलेली नाही. पूर्वी खो-खोत वय, उंची आणि वजन मिळून गुणांक काढत. आम्ही त्याला नावं ठेवायचो, कारण काटा आणि फूटपट्टी घेऊन फिरावं लागायचं. पण त्यामागचा विचार शहाणपणाचा होता.

आता दुसऱ्या बाजूलाही थोडं झोडतो, नाहीतर म्हणाल सरांना दहावीवालेच दिसतात. काही शाळांत दहावीच्या पोराला संघात घेतात ते बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतीच्या गुणांसाठी. ज्याने कधी फक्कीची रेषा ओलांडली नाही, त्याचं नाव ऑगस्टमध्ये अचानक यादीत येतं. वडील कोण, काका कोण, हे मी विचारत नाही, तुम्हाला माहीत असतं. त्या पोरासाठी मी भांडत नाहीये. मी भांडतोय तो पाच वर्षं घाम गाळलेल्यासाठी, आणि गंमत म्हणजे त्यालाच नेमकं मुख्याध्यापक सांगतात, बाळा, यंदा दहावी आहे, खेळ बंद. ज्याने खेळायला हवं त्याला शाळा अभ्यासाला बसवते आणि ज्याला खेळता येत नाही त्याला गुणांसाठी उभं करते. तालुक्याच्या स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरला, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. मधल्या महिन्यांत अभ्यास होत नसेल तर तो दोष खो-खोचा नाही. निकाल 100 टक्के लागावा म्हणून मैदान बंद करणाऱ्या मुख्याध्यापकांपैकी काही इथे पहिल्या रांगेत बसलेत. रागवू नका साहेब, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

आता मॅडम म्हणतील, मग जिंकायचं नाही का सर? जिंकायचं ना! मी हरायला संघ कधी नेला नाही. पण माझ्या अनुभवात चुरशीच्या सामन्यात शेवटची दोन मिनिटं काढतं ते दहावीचंच पोर. त्याला माहीत असतं, पुढचं वर्ष नाही. आठवीतलं पोर हरलं की रडतं आणि वडापाव खाऊन विसरतं. याला शास्त्र काय, असं विचाराल तर माझ्याकडे शास्त्र नाही, शिट्टी आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली. करायची कामं पुष्कळ आहेत. प्रत्येक शाळेचा दुसरा संघ असावा आणि त्याचे सामने दिवाळीनंतर भरवावेत. त्यांना क्रीडा कार्यालयाची परवानगी लागते की नाही, ते कोणीतरी बघा. निवडीची नोंदवही ठेवावी. तिचा नमुना मी करून देईन, सवडीने. जन्मदाखल्यांचंही काहीतरी करायला हवं. मैदानांबद्दल ओघात येईल म्हणालो होतो, ते राहिलं. पुढच्या अधिवेशनात दुसरे अध्यक्ष असतील, त्यांना तो विषय सोडतो.

एक ठराव मात्र मी लिहून आणलाय. 17 वर्षांखालच्या प्रत्येक शालेय संघात, शाळेत नियमित सराव करणारे किमान तीन दहावीचे खेळाडू असावेत, आणि कुठल्याही शाळेने दहावीच्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या कारणावरून संघाबाहेर ठेवू नये, अशी ही सभा शिफारस करते. सूचक म्हणून खाली माझी सही आहे. अनुमोदक हवा आहे. सकाळच्या मॅडम, तुम्ही हात वर करताय की घड्याळ बघताय?