निकालाच्या आधी सांगा

(घाटकोपरच्या एका वस्तीत महिला मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला बोलावणं आलं तेव्हा विषय सांगितला होता, 'निकालाचा ताण आणि पालकांची जबाबदारी'. पालक म्हणजे आई आणि बाप दोघं. पण समोर पाहते तर दाराशी उभे असलेले दोन गृहस्थ सोडले तर बाकी सगळ्या आयाच. म्हणजे जबाबदारी कुणाची हे विषयाला सुरुवात व्हायच्या आधीच ठरून गेलंय! मुलीला चांगले गुण मिळाले तर ती बापाची, कमी पडले तर आईची, हा आपल्या घराघरातला जुना हिशेब. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली बारा वर्षं घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड या पट्ट्यात मुली आणि त्यांच्या आया यांच्याबरोबर काम करते आहे. परीक्षेआधी आमच्याकडे फारशा मुली येत नाहीत, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. त्या येतात पेपर संपल्यावर. झोप लागत नाही म्हणून, घरात भांडण झालं म्हणून, कधी नुसतंच बसायला. आपण समजतो की परीक्षा संपली म्हणजे ताण संपला. मुलींचं म्हणणं उलट आहे. अभ्यास करताना निदान हातात काहीतरी होतं, आता काहीच नाही.

हा काळ किती मोठा असतो ते पाहा. बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यानंतर इंजिनिअरिंगसाठी, फार्मसीसाठी सीईटी आणि डॉक्टरकीसाठी नीट. सीईटीचा निकाल २०२३ साली १२ जूनला लागला, २०२४ साली १६ जूनला, २०२५ साली १६ आणि १७ जूनला. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, तो लागायला २८ नोव्हेंबर उजाडला होता. निकालानंतर प्रवेशाच्या फेऱ्या. म्हणजे शेवटचा पेपर दिल्यापासून कॉलेजचं नाव कळेपर्यंत सतरा-अठरा वर्षांची पोर काही महिने अधांतरी असते.

या महिन्यांत घरात काय होतं? पेपर असेपर्यंत तिला कुणी पाणी भरायला सांगत नव्हतं. शेवटचा पेपर देऊन आली, की त्याच संध्याकाळी झाडू हातात. भाऊ परीक्षा देऊन आला तर तो 'दमलाय', म्हणून गावाला जातो, मित्रांबरोबर भटकतो. ही मोकळी झाली म्हणजे कामाला मोकळी झाली. त्यातच मे महिना, गावाकडे लग्नसराई. कुणी मावशी, कुणी आत्या म्हणते, 'एक चांगलं स्थळ आहे, बघून तर ठेवू. निकाल चांगला लागला तर शिकव, नाही लागला तर...' हे वाक्य कुणी पुरं करत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पडदा लावून पाठ करून झोपलेली मुलगी ते ऐकत असते, आणि मनातल्या मनात पुरं करते.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीने मला विचारलं होतं, 'ताई, माझा निकाल लागणार आहे की माझा निकाल लावणार आहेत?' मैत्रिणींनो, मुलगा निकालाची वाट पाहतो तेव्हा त्याच्या डोक्यात असतं, कुठलं कॉलेज मिळेल. आपली मुलगी वाट पाहते तेव्हा तिच्यापुढे प्रश्न असतो, कॉलेज मिळेल की नाही. मुलग्यांवर ताण नसतो असं मी म्हणत नाही. 'तूच आता घर सांभाळायचंस' हे ओझं त्यांच्या खांद्यावर लहानपणीच पडतं, आणि त्यांना रडायचीही मुभा नसते. पण मुलाचे गुण कमी पडले तर त्याच्यासाठी दुसरा रस्ता शोधतात. मुलीचे कमी पडले तर पुष्कळ घरांत रस्ताच बंद होतो.

आणि हे कुणाच्या वाट्याला येतं? २०२५ च्या बारावीच्या निकालात राज्यात ९४.५८ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ८९.५१ टक्के. २०२४ साली मुली ९५.४४ आणि मुलगे ९१.६०. पास होण्यात मुली पुढे, आणि तरीही शिकू द्यायचं की नाही हे प्रत्येक निकालाला नव्याने ठरवायचं, ते मात्र मुलींच्याच बाबतीत.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. जे सांगायचं ते निकालाच्या आधी सांगा. निकाल लागल्यावर 'असू दे बाळा, काही बिघडलं नाही' म्हणणं सोपं आहे, पण तोपर्यंत त्या पोरीने एकटीने सगळं सोसून झालेलं असतं. आणि कमी गुण बघितल्यावर म्हटलेलं 'असू दे' तिला खरं वाटत नाही, तिला ती दया वाटते. तेच वाक्य आधी म्हटलेलं असेल तर तो शब्द असतो.

शब्द कसला द्यायचा तेही नीट ठरवा. 'आम्ही तुझ्या पाठीशी आहोत' हे फार मोघम झालं. तिला असं सांगा: निकाल काहीही लागो, तुझं शिक्षण थांबणार नाही. या वर्षी घरात लग्नाचा विषय निघणार नाही. गुणांवरून तुला कुणी मारणार नाही, टोमणे मारणार नाही, शेजारच्या मुलीशी तुलना करणार नाही. आणि पुढे काय करायचं ते तुझ्याशी बोलून ठरवू, तुझ्या मागे नाही. हे सगळं वडिलांनीही तिच्यासमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं. आईने सांगितलं तर तिला माहीत असतं की आईच्या हातात कितीसं आहे!

एक ताई मला म्हणाल्या, 'असं आधीच सांगितलं तर ती निर्धास्त होईल की.' मी म्हटलं, होऊ दे ना! पेपर देऊन झालाय. आता धाकाने एक गुणही वाढणार नाही. धाकाचा काही उपयोग असेल असं मानलं तरी तो परीक्षेच्या दिवशी संपला. आता उरलीय नुसती भीती.

दुसरी गोष्ट, निकाल म्हणजे काय हे आपण समजून घेतलं पाहिजे. सीईटीचा निकाल टक्क्यांत नसतो, पर्सेंटाईलमध्ये असतो. मुलं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत संगणकावर परीक्षा देतात. कुणाचा पेपर सोपा, कुणाचा अवघड. म्हणून आपल्या सत्रातल्या शंभर मुलांपैकी किती जणांच्या बरोबरीने किंवा पुढे आहोत, ते पर्सेंटाईल सांगतं. ७० पर्सेंटाईल म्हणजे ७० टक्के मार्क नव्हेत, आणि ७० पर्सेंटाईल मिळालेली मुलगी नापासही झालेली नसते. घरात आकडा ऐकल्याबरोबर 'एवढेच?' म्हणण्याआधी हे तिच्याकडून समजून घ्या. तिला सांगू द्या. त्या निमित्ताने बोलणं होईल.

आणि हा आकडा काही देवाने लिहिलेला नसतो, माणसं काढतात. माणसं चुकतात. २०२५ साली २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात सीईटीच्या गणिताच्या पेपरात २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते. त्या सत्रातल्या सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षा देण्याची संधी द्यावी लागली. २०२४ च्या नीटचं तर तुम्हाला आठवत असेल. निकाल १४ जूनला म्हणून सांगितला होता, तो लोकसभेची मतमोजणी होती त्याच दिवशी, ४ जूनला लावला. ६७ मुलांना ७२० पैकी ७२०. मग वाढीव गुणांवरून गदारोळ, पेपरफुटीचे आरोप, सर्वोच्च न्यायालय. १,५६३ मुलांचे वाढीव गुण रद्द झाले, त्यांच्यासाठी २३ जूनला फेरपरीक्षा ठेवली, आणि सुधारित निकाल आला २६ जुलैला. लाखो मुलांनी ते सात-आठ आठवडे कसे काढले असतील! ज्या आकड्याबद्दल देशाचं न्यायालय महिनाभर विचार करतं, त्या आकड्यावर आपण एका मिनिटात आपल्या मुलीची लायकी ठरवायची का?

आता कामाचं बोलू. वाट पाहताना रिकामे हात वाईट, म्हणून या काळात तिला घेऊन कागदपत्रं तयार करा. उत्पन्नाचा दाखला, रहिवास म्हणजे डोमिसाईल, ज्यांना लागतं त्यांनी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर. आपल्या उपनगर जिल्ह्यात तीन तालुके आहेत, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात, आणि कुर्ल्याचं तहसील कार्यालय मुलुंडला आहे. निकालानंतर तिथे रांग लागते, आधी गेलात तर निभावतं. ज्या बहिणी नवऱ्यापासून वेगळ्या राहतात त्यांनी तर आजच सुरुवात करा, कारण जातीच्या दाखल्यासाठी बापाकडचे कागद मागतात आणि ते मिळवताना काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यासाठी एकटीने खेटे घालू नका, मंडळाच्या दोघीजणी बरोबर जा.

हे दाखले कशासाठी, तर पैशांसाठी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना आधीपासून आहेत. पण लक्षात ठेवा, ही माफी सरकारी प्रवेश फेरीतून गेलं तरच. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. आणि वसतिगृह, पुस्तकं, येण्याजाण्याचा पास हा खर्च आपलाच. तरीही 'मुलीला शिकवायला पैसा कुठाय' हे म्हणण्याआधी हा कागद घरातल्या पुरुषांना वाचून दाखवा.

नाहीच मिळालं हवं ते, तर? बारावी सायन्सनंतर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. बी.एस्सी. आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या एसएनडीटी विद्यापीठाचं जुहूला आवार आहे, तिथे मुलींसाठी इंजिनिअरिंगसुद्धा आहे. वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर तेही चालेल, पण ते वर्ष तिला अभ्यासाला मिळणार की घरकामाला, हे आधी ठरवा. हे सगळे रस्ते निकालाआधी एका कागदावर तिच्याकडून लिहून घ्या. निकालाच्या दिवशी डोकं चालत नाही, कागद असला की आधार असतो.

आता जड विषय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. त्यामागे कारणं अनेक असतात, एकट्या निकालावर सगळं ढकलू नये. पण लक्ष ठेवायला हवं. मुलगी जेवण सोडते, रात्ररात्र जागी असते, मैत्रिणींना भेटायचं टाळते, आवडत्या वस्तू वाटून टाकते, 'मी नसते तर बरं झालं असतं' म्हणते, तेव्हा 'नाटकं करू नकोस' म्हणू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?' विचारल्याने ते डोक्यात येत नाही. विचारल्याने बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर ओरडू नका, शपथा घालू नका, तिला एकटं सोडू नका, आणि मदत मागा. टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८. दोन्ही नंबर दारामागे लिहून ठेवा. आपल्यापैकी कुणालाही, कधीही लागू शकतात.

तुम्ही म्हणाल, 'ताई, एकटं सोडू नका म्हणता, पण सकाळची लोकल चुकली तर आमचा खाडा भरणार कोण?' बरोबर आहे. म्हणूनच हे एकट्या आईने करायचं काम नाही. निकालाच्या दिवशी मंडळाने पाळी लावावी. ज्यांच्या घरी निकाल आहे तिथे कुणीतरी एक बाई हजर. साईट बसते, आकडा उघडत नाही, शेजारचे दारातून विचारत राहतात, 'किती पडले?' त्या दारात एक खंबीर बाई उभी असली तर निम्मा त्रास वाचतो. आणि नवऱ्यांना सांगा, या एका दिवसाची रजा तुम्ही घ्या.

आता तो जुना हिशेब. निकाल कमी लागला की बोट आईकडे वळतं. 'तूच लाडावून ठेवलीस.' मग ती बाई तोच राग मुलीवर काढते, 'तुझ्या क्लाससाठी मी भिशी उचलली, मंगळसूत्र गहाण टाकलं.' ते खरंच असतं, आणि तुमचे कष्ट लहान नाहीत. पण या महिन्यात ते तिला ऐकवू नका, इथे मंडळात येऊन बोला. आम्ही ऐकू. घरी बोट तुमच्याकडे वळलं तर तेही इथे सांगा. ज्या घरात आईला बोलायला जागा नाही, तिथे मुलीने कुठे बोलायचं?

निकालाची तारीख सीईटी सेल ठरवेल. आपला शब्द कधी द्यायचा ते आपण ठरवू शकतो. आज संध्याकाळी जेवताना घरात सगळे असतील. तेव्हा बोला, मुलग्याच्या समोर, सासूबाईंच्या समोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी थांबते. आता तुम्ही बोला. आणि दाराशी उभ्या असलेल्या भावांनो, आत येऊन बसा, पहिलं तुमच्याकडून ऐकायचं आहे.