कचऱ्याची वीज आणि आपल्या दोन बादल्या
(कुंभारी येथील बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एका तरुणाने विचारले, "प्लाझ्माने कचऱ्याची वीज होते म्हणतात, मग कुंभारीत ते मशीन का आणत नाहीत?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, कचऱ्याचा तज्ज्ञ नाही, पण प्रश्न आवडला, म्हणून वाचून आलो.

वेल्डिंगची डोळे दिपवणारी ज्योत तुम्ही पाहिली आहे. तोच प्लाझ्मा. विजेने वायू इतका तापवतात की तापमान 5,000 अंशांच्या पुढे जाते. बंद भट्टीत, कमी हवेत, कचऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे जळणारे वायू निघतात. त्यांवर वीज करतात. माती, काच, धातू वितळून खाली काचेसारखा खडा उरतो.

पुण्याजवळ रांजणगावला असा प्रकल्प उभा राहिला, दिवसाला सुमारे 70 टनांचा. पण तो कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी. इंग्लंडमध्ये टीसाइडला शहरी कचऱ्यासाठी दोन मोठे प्रकल्प बांधले; ते नीट चालेनात, म्हणून 2016 मध्ये कंपनीने ते सोडून दिले.

आता आपली बादली पाहा. भाजीची देठे, उरलेला भात, चहाचा चोथा: निम्म्याहून जास्त पाणीच. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 0.7 युनिट उष्णता लागते. म्हणजे वीज मिळण्याआधी पाणी आटवण्यातच ऊर्जा जाणार. हा इस्राफच.

ओल्या कचऱ्याला भट्टी नको, जिवाणू पुरतात. हवाबंद टाकीत ते त्याचा गॅस करतात. सोलापुरातच असा प्रकल्प उभा राहिला, दिवसाला 400 टन क्षमतेचा. पण प्लास्टिक मिसळले की तिथेही काम अडते.

म्हणून घरात दोन बादल्या ठेवा, ओली आणि सुकी. विड्या वळताना निघणारी तेंदूपानांची कात्रणे सुक्यात टाका. सॅनिटरी पॅड, औषधे, सेल वेगळे बांधून द्या. 2016 च्या नियमांनी हे आपले कर्तव्यच ठरवले होते.

आणि ग्रामपंचायतीकडे एकच मागणी करू: गाडीत दोन कप्पे हवेत. रे नगरात 30,000 घरांची वसाहत आहे. आमच्या माता-भगिनींनी निवडून दिलेला कचरा दारातच पुन्हा एकत्र झाला, तर दुसऱ्या दिवशी कोण निवडेल?

वाटेतली इजा दूर करणे हा ईमानचा भाग, हे आपण लहानपणापासून ऐकतो. या जुम्म्यापासून सुरुवात करू या.